बाजेवरची वरात

“ऊठ बे! मेला नाई ना अजून? मंग ऊठ! मेला असता त म्याच सुट्टी देली असती तुले!”

आमचे बँडमास्तर दारात उभे राहून ओरडत होते आणि ओरडता ओरडता हातातल्या ढोलाच्या दांडक्यानं आमच्या दाराची चौकट बडवत होते. वैशाखातली भर दुपार. वरवट बकालची आमची गल्ली अशी तापलेली, की कोंबडीनं अंडं घातलं तर उकडलेलंच बाहेर यावं. कुत्री जिभा टाकून गप्प पडलेली. त्या शांततेत मास्तरांचा आवाज फुटला तो थेट सातपुड्यावर जाऊन आपटला आणि परत येताना शेजारच्या काकीच्या ओसरीवरची दोन मडकी फोडून गेला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आयुष्यभर ट्रम्पेट फुंकलेली छाती होती ती.

मी आत बाजेवर पडलो होतो. टाळूपासून तळव्यापर्यंत फोड. पापण्यांवर फोड, जिभेवर फोड, आणि ओठांवर जागाच उरली नव्हती म्हणून एकावर एक फोड. अंगाखाली कडुनिंबाचा पाला, अंगावर कडुनिंबाचा पाला. बकरीनं पाहिलं असतं तर मला खाऊन टाकलं असतं.

माझी माय उंबरठ्याच्या आत उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“मास्तर, हळू बोला. घरात बाई हाये.”

“मले माईत हाये कोन्ती बाई हाये!” मास्तर म्हणाले. “तिले म्हना, आजचं लगन लागू दे. उद्यापासून पायजे तितकी राह्य म्हना!”

ज्यांच्या घरी ती कधी आली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. फोड उठले की आमच्याकडे आजार झाला असं कोणी म्हणत नसे. माता निंगली, बाई आली, असंच म्हणायचे. मला आलेली धाकटी होती, कांजिण्यांची; थोरली, देवीची, नव्हती. थोरली असती तर हे लिहायला मी नसतो, किंवा असतो तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून हे वाचायला बसला नसता. पण धाकटी झाली तरी ती पाहुणीच, आणि पाहुणीचे नियम कडक. दाराला कडुनिंबाची डहाळी. घरात फोडणी नाही, तळण नाही, कांडण नाही; ताकातल्या कण्या खायच्या आणि गप्प पडायचं. चपला घालून आत यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आवाज चढवायचा नाही. घरात भांडण झालं, कोणी ओरडलं, तर बाई रागावते आणि जाताना डोळे घेऊन जाते. म्हणून अख्खी गल्ली कुजबुजत जगायची. ज्या काकीची शिवी एरवी एस्टीच्या हॉर्नच्या वर ऐकू यायची, ती त्या दिवसांत सुनेला शिव्यासुद्धा खुणेनं द्यायची.

आणखी एक. ज्याच्या अंगावर माता, तो माणूस तेवढे दिवस माणूस नसतो. तो बाईच असतो. मोठमोठी माणसं येऊन त्याच्या पाया पडतात. मी आयुष्यात इतका मान पुन्हा कधी मिळवला नाही.

आता मास्तर का पेटले होते ते सांगतो. महाराष्ट्र नवाच झाला होता आणि जळगाव जामोदच्या आमच्या बँडचे लाल कोटही नवेच होते. मी त्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होतो. क्लॅरनेट माझी नव्हे, मास्तरांची. त्याआधी मी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होतो. वर्षभर त्याचे बैल, त्याचं शेण आणि त्याची चाबकाची वादी. त्या वादीच्या खुणा पाठीवर वाळत होत्या, तेव्हा मास्तरांनी मला गोठ्याच्या मागं पाव्यावर सिनेमातलं गाणं वाजवताना ऐकलं आणि उचलून नेलं. बाप माझा लहानपणीच गेला होता. घरात मी आणि माय. क्लॅरनेट होती तोवर मी कलावंत. क्लॅरनेट गेली की पुन्हा तो गोठा आणि ती वादी. इतकं ते सरळ होतं.

मास्तर वाईट नव्हते, पण सूर चुकला की त्यांचं दांडकं बोटांवर पडायचं. आमच्या बँडमध्ये एकाचीही बोटं सरळ नव्हती, आणि म्हणूनच, असं मास्तर म्हणायचे, आमचे सूर सरळ होते. सुट्टीचा त्यांचा नियम एकच. मयत झाली तर सुट्टी, पण मयत स्वतःची पाहिजे.

माझ्या अंगावर पहिले फोड उठले तेव्हा मायनं भाजीवाल्याबरोबर निरोप धाडला, की पोराले माता निंगली, अंघोळ होईपर्यंत येनार नाई. मास्तरांनी निरोप ऐकला, आणि भाजीवाल्यालाच दोन दांडकी हाणली म्हणतात. मग चौकशीला पहिला माणूस पाठवला तो आमचा ढोलवाला.

ढोलवाला म्हणजे माणसाच्या आकाराचा पोळ्याचा बैल. ढोल पोटावर घेतला की ढोल लहान दिसायचा. त्याला हुकूम होता की आत जायचं, बिमारी खरी का खोटी पाहायचं, खोटी असली तर मानगूट धरून आणायचं. तो दारात आला, चपला काढल्या, वाकून आत आला, मला पाहिलं आणि धपकन पाया पडला.

“माय,” तो मला म्हणाला. मला! “माह्यी म्हैस अडून राह्यली वं. तिले सोडव.”

मी डोळे मिटून घेतले. एक हात वर केला. त्याचं समाधान झालं. मास्तरांचा निरोप त्यानं सांगितलाच नाही. उलट्या पावलांनी बाहेर गेला तो सरळ म्हशीकडे.

मग मास्तरांनी आपला साळा पाठवला. हा साळा बँडमध्ये फुटक्या पिपाणीवर होता आणि त्याचा डोळा माझ्या क्लॅरनेटवर होता. तो फुंकायचा तेव्हा वाटायचं की कोणीतरी बकरी दारात चेंगरतंय. त्यानं चपला काढल्या नाहीत. चपलांसकट आत आला, हातातला माझा लाल कोट माझ्या फोडांवर फेकला आणि म्हणाला, “संग्रामपूरच्या पाटलाच्या पोरीचं लगन हाये. भाऊजीनं सांगतलं, वाजवू नको पन येऊन उभा राह्य. नुसते गाल फुगव.”

हेही समजावून सांगायला पाहिजे. बँड ठरायचा तो माणसांवर. इतकी माणसं म्हटली की इतकी उभी दिसली पाहिजेत. एखादा कमी पडला की कोणालाही लाल कोट चढवायचा, हातात मोडकं वाद्य द्यायचं आणि रांगेत उभं करायचं. त्यानं वाजवायचं नाही, नुसते गाल फुगवायचे. एका लगनसराईत आमच्यात एक कुंभार असे गाल फुगवत फिरला, आणि सगळ्यात जास्त वाहवा त्याचीच झाली. पण हा संग्रामपूरचा पाटील वस्ताद होता. तो गावाच्या शिवेवर खुर्ची टाकून बसायचा आणि बँडवाले स्वतः मोजायचा, शेळ्या मोजाव्यात तसे. एक कमी दिसला तर अख्खा बँड शिवेवरून परत.

“अन् क्लॅरनेट कोन वाजवीन?” मी फोडांमधून विचारलं.

“मी,” साळा म्हणाला. त्याचे दात केळफुलासारखे बाहेर आले. “पाटलाच्या लगनात ज्यानं वाजवली, त्याची झाली. भाऊजी बोलले तसं. अन् तू उभा राह्यला नाई त तुह्या कोटबी दुसऱ्याले जाईन. जाय मंग शेन भराले.”

तेवढ्यात मायनं त्याचा कान धरला. नुसता धरला आणि फिरवला, विहिरीच्या रहाटासारखा. साळ्याचं तोंड किंकाळीसाठी उघडलं आणि त्याच क्षणी मायनं दुसऱ्या हातानं कडुनिंबाचा मूठभर पाला त्यात कोंबला आणि तळहातानं दाबून धरला. गुढीपाडव्याला माणूस चिमूटभर खातो. साळ्यानं साऱ्या हयातीचा पाला एका घासात संपवला. त्याच्या कानाच्या पाळीतून रक्ताची धार लागली होती. मायनं त्याला कानासकट उंबऱ्याबाहेर ठेवलं, उंबऱ्यावरच्या चपलांच्या खुणांवर त्यानंच शेण फिरवेपर्यंत कान सोडला नाही, आणि मग माझ्या अंगावरचा कोट काडीनं उचलून दाराबाहेर टांगला.

साळ्यानं जाऊन काय सांगितलं ते देव जाणे. पण लग्नाच्या दुपारी मास्तर स्वतः आले, आणि सोबत दोन बैलबंड्या भरून अख्खा बँड आला. बँड जळगावहून संग्रामपूरला निघाला होता आणि आम्हाला वाटेतच उचलणार होता. मास्तरांच्या कमरेच्या पट्ट्यात माझी क्लॅरनेट खोसलेली. तलवारीसारखी.

“मास्तर,” माय पुन्हा म्हणाली, तितक्याच हळू. “त्याचे ओठ पाहा. त्याच्यानं पानीबी गिळवत नाई.”

“त्याले पानी गिळाले कोन सांगतलं? गाल फुगवाचे हायेत!” मास्तर ओरडले. “तुह्या पोराच्या पायी माह्या बँड शिवेवरून वापस येईन. मी पाटलाले काय तोंड दाखवू? चला बे, उचला त्याले. बाजेसकट उचला!”

लाल कोटातली माणसं दारात घुटमळली. कोणी पुढं येईना. ढोलवाला तर बंडीतून उतरलाच नाही. त्यानं ढोलामागं तोंड लपवलं.

“मास्तर, बाई कोपते,” एक जण कुजबुजला.

“कोपू दे! पाप माह्यावर!” मास्तर म्हणाले, आणि दारावरची डहाळी ओरबाडून फेकून, बाहेर टांगलेला कोट घेऊन आत घुसले.

पुढं जे झालं ते मी हसत हसत सांगत आलो आहे, पण तेव्हा हसू नव्हतं. मास्तरांनी माझे केस मुठीत धरले आणि मला उठवून बसवलं. केसांतले फोड फुटले, कपाळावरून पाणी आणि रक्त डोळ्यांत उतरलं. त्यांनी माझा हात कोटाच्या बाहीत खुपसला. त्या कोटाला आतून गोणपाटासारखं अस्तर होतं. बाही वर सरकत गेली तशी माझी कातडी खाली सरकत आली. मी ओरडायला तोंड उघडलं तर समोर माय, ओठांवर बोट. ओरडलो तर डोळे जाणार. मी दातांत जीभ धरली आणि जिभेवरचे फोड चावून फोडले.

“हात सोडा त्याचा,” माय म्हणाली आणि तिनं मास्तरांचं मनगट धरलं.

मास्तरांनी तिला ढकललं. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. नारळ फुटतो तसा आवाज झाला, आणि त्या दुपारी आमच्या घराच्या बाजूनं झालेला मोठा आवाज तेवढाच. तिच्या भुवईवरून रक्त उतरलं, गालावरून हनुवटीवर आलं. तिनं पदरानं पुसलं. ब्र काढला नाही.

पण गल्ली जागी झाली होती.

ती मारामारी मी तुम्हाला आवाजासकट सांगू शकत नाही, कारण तिला आवाजच नव्हता. अशी मारामारी वऱ्हाडात आधी झाली नाही, पुढं होणार नाही. घराघरांतून बाया बाहेर आल्या. कोणाच्या हातात फुंकणी, कोणाच्या हातात खराटा, कोणाच्या हातात लाटणं, आणि काकीच्या हातात चुलीवरून नुकताच उतरलेला तवा. एकही बाई ओरडली नाही. बाई घरात होती ना! त्या मुकाट्यानं आल्या आणि मुकाट्यानं मारायला लागल्या. धप्प. धप्प. उन्हाळ्यात गोधड्या बडवताना येतो तसा तेवढा आवाज. आणि बँडवाले, ज्यांचा जन्म आवाज करण्यात गेला, तेही भीतीनं गप्प. एकाच्या पाठीला तवा लागला. कोटातून धूर निघाला, त्याचे डोळे बैलासारखे फिरले, पण तोंडातून काय निघालं? “काकी, उलिसं हळू वं,” इतकंच, तेही कुजबुजत. एकाच्या नाकावर फुंकणी बसली आणि लाल कोटावर लाल धार लागली. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. साळ्याला तीन बायांनी गल्लीच्या मातीत पालथा घातला आणि त्याच्या दुसऱ्या कानाचीही चौकशी केली. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा पाठमोरा बिडी ओढत बसला होता. त्यानं शेवटपर्यंत मान वळवली नाही. त्या मारामारीचं त्याला काही ऐकूच गेलं नाही.

ओरडत होते ते एकटे मास्तर. “उचला! उचला म्हनतो ना!” असं म्हणत ते दांडकं फिरवत होते, बायांना लागत होतं, स्वतःच्या माणसांनाही लागत होतं. त्या दांडक्याच्या भीतीनं चौघांनी शेवटी बाजेचे चार पाय धरले आणि मला उचललं.

मी निघालो. अर्धा कोट अंगात, अर्धा लोंबतो आहे, अंगावर पाला, खाली पाला, चौघांच्या खांद्यावर बाज, पुढं मास्तर, मागं मार खाणारी माणसं आणि मार देणाऱ्या बाया, आणि सगळं चिडीचूप. नवरदेवाला असली वरात मिळाली नसेल आणि मढ्यालाही नाही. मायनं बाजेची एक कोर धरली होती आणि ती फरफटत चालली होती. तिचं रक्त बाजेच्या सुतळीवर ठिबकत होतं. ते मी पाहिलं.

मग मी बोललो. किंवा अंगातली बाई बोलली. कोण बोललं, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. फोडांनी घसा बसलेला होता, त्यामुळे आवाज निघाला तो बाईमाणसासारखा, चिरका आणि खोल.

“मले वरातीत नेऊन राह्यले का रे?” मी म्हणालो. “न्या. न्या मले संग्रामपूरले. येते मी. पन वापस येताना एकेकाच्या घरी मुक्काम करीन.”

चौघांनी बाज सोडली.

ठेवली नाही. सोडली. खांद्याच्या उंचीवरून मी बाजेसकट खाली आलो आणि बाजेचा एक पाय मास्तरांच्या उजव्या पायावर पडला. अंगठ्यावर. गल्लीतली पोट्टी पुढं सांगत की अंगठा मोडल्याचा आवाज चुलीत शेंग फुटावी तसा आला. चौघं बंड्यांकडे पळत सुटले. एक तर बंडी चुकून सरळ जळगावच्या रस्त्यानं पायीच गेला.

मास्तर एका पायावर नाचले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चढलं. त्यांनी दांडकं उचललं आणि माझ्या नडगीवर हाणलं. नडगी अजून पावसाळ्यात दुखते. दुसऱ्यांदा उचललं ते डोक्यावर. मी हात वर केला नाही. वर करायला हात कोटात अडकलेला होता. मी नुसता त्या दांडक्याकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, आता गोठ्यातही जायला नको.

ते दांडकं खाली आलं नाही.

आमच्या घरात एक मुसळ होतं. बाई आल्यापासून ते कोपऱ्यात निजवून ठेवलेलं, कारण कांडायची मनाई. पण मारायची मनाई आहे असं कोणी म्हटलेलं नव्हतं. माय कधी आत गेली आणि कधी बाहेर आली मला कळलं नाही. तिनं मुसळ आडवं धरलं आणि त्याच्या टोकाच्या लोखंडी कड्याचं, वसवीचं, तोंड मास्तरांच्या तोंडावर सरळ घातलं, जशी उखळात घालते तसं, तोलून, कमरेतून, एकदाच.

मास्तर बसले. हळूच, पंगतीत बसावं तसे बसले. त्यांच्या तोंडातून आधी रक्त आलं आणि मग समोरचे दोन दात वरचे, दोन खालचे. ते त्यांनी हातावर घेतले आणि बराच वेळ पाहत राहिले. ओरडणं संपलं होतं. आता खरोखरच पूर्ण गल्लीत आवाज नव्हता.

मायनं मुसळ भिंतीला टेकवलं. मग ढोलवाल्याच्या बंडीकडे गेली आणि त्याच्या ढोलाच्या चामडी पुडीत कोपर घालून ती फाडली. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. बहुधा त्यानं उतरून मदत केली नाही म्हणून. ढोलवाला रडला, पण तोही तोंडात कोट कोंबून.

क्लॅरनेट मास्तरांच्या पट्ट्यातून निसटून बाजेखाली गेली होती. ती काकीनं उचलली आणि आमच्या ज्वारीच्या कणगीत खुपसली.

आता संग्रामपूरचं लग्न. ते मी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथं होतो असं मला वाटतं. पाटील शिवेवर खुर्ची टाकून बसलेला. समोरून बंड्या आल्या. पाटील मोजायला लागला आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. एकाचा डोळा वांग्यासारखा, एकाच्या कोटाला तव्याएवढं भोक, साळ्याचे दोन्ही कान पळसाच्या फुलांसारखे, ढोल फाटलेला, क्लॅरनेट नाही, आणि मास्तर तोंडाला पंचा बांधून बंडीत आडवे. पाटलानं विचारलं म्हणे, “बँड हाये का दवाखाना?” मास्तरांनी तरी उठून ट्रम्पेट तोंडाला लावलं. खरा कलावंत. पण दातांशिवाय ट्रम्पेटला ओठ टेकत नाही. नुसती फुस्स हवा आली आणि हवेबरोबर रक्त, आणि ते नवरीच्या मामाच्या नव्या धोतरावर उडालं. पुढं नवरीकडच्यांनी जे केलं त्यापुढं आमच्या गल्लीतल्या बाया म्हणजे आयाच म्हणायच्या. शेवटी नवरीची वरात एका ताशावर निघाली.

माझ्या फोडांच्या खपल्या धरल्या. दरम्यान मास्तरांचा निरोप आला: क्लॅरनेट पाठव. मायनं उत्तर दिलं नाही. पुन्हा निरोप आला: तू ये. मायनं उत्तर दिलं नाही. पुन्हा आला: येतो का नाई? मायनं निरोप आणणाऱ्याला ताकातल्या कण्या खाऊ घातल्या आणि परत पाठवलं. मी बाजेवर पडून रोज डोळ्यांपुढं तो गोठा पाहत होतो. मालकाचे दात पाडणाऱ्या बाईच्या पोराला कोणता मालक ठेवतो? ठाण्यात नाव गेलं नाही हेच नशीब, असं काकी म्हणायची. मास्तर ठाण्यात सांगणार तरी काय होते? एका बाईनं मारलं?

खपल्या पडल्या. कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ झाली, बाईला दहीभात देऊन शिवेपर्यंत पोचवून आलो. त्या अंघोळीच्या दिवशी काकीनं सुनेला पहिली शिवी दिली ती तिकडे जळगावात ऐकू गेली असणार.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, “माय, मी एकटाच जातो. मास्तरचे पाय धरतो.”

“मी येते,” माय म्हणाली. तिच्या भुवईवर शिंपल्याएवढा व्रण होता. तिनं कणगीतून क्लॅरनेट काढली, ज्वारी झटकली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली. एस्टीत सगळ्या वाटेनं मी मनात बोलणी जुळवत होतो: मास्तर, चूक झाली. मास्तर, बुढी आहे, समजत नाही. मास्तर, मारा मला, पण गोठ्यात पाठवू नका. शेजारी माय फडकं मांडीवर घेऊन बसलेली.

जळगावात मास्तर ओट्यावर बसले होते, पायाला फडकं बांधून. वर खुंटीला ट्रम्पेट टांगलेलं. साळ्यानं मायला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि कान झाकून मागच्या दारानं गेला. ढोलवाला ओट्याखाली बसून नवी पुडी ताणत होता. तो मला पाहून उठला आणि पुन्हा पाया पडला.

“म्हैस व्याली,” तो म्हणाला. “पारडी झाली.”

“अबे, आता मी मीच हाये,” मी म्हणालो.

मायनं फडकं ओट्यावर ठेवलं आणि सोडलं.

“मास्तर, दात दुखते का?”

“नाई,” मास्तर म्हणाले. समोरच्या भगदाडातून शब्द वाऱ्यासारखे येत होते. “गेले थे काय दुखते. तुमच्या भुवईले काय झालं?”

“चौकट लागली.”

“हं.”

मास्तरांनी क्लॅरनेट उचलली, नळीत अडकलेला ज्वारीचा एक दाणा नखानं काढला आणि ती माझ्यापुढं धरली.

“वाजव.”

माझ्या ओठांची कातडी नवी होती, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. पहिल्याच फुंकीला ती चिरली आणि क्लॅरनेटच्या पत्तीवर रक्त आलं. मी थांबलो नाही. मास्तरांना आवडायचं ते सिनेमातलं गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एके ठिकाणी सूर चुकला. मास्तरांचा हात सवयीनं शेजारच्या दांडक्याकडे गेला. मग त्यांचं लक्ष मायकडे गेलं, आणि हात परत मांडीवर आला.

गाणं संपलं. मास्तरांनी खुंटीवरच्या ट्रम्पेटकडे पाहिलं.

“माह्यातून आता नुसती हवा जाते,” ते म्हणाले. “पुढं तूच राह्यशीन. लगनसराई अजून सरली नाई.” मग त्यांनी डोळे बारीक केले. मालकच शेवटी. “पन एक सांग बे. पुढच्या सराईत पुन्हा बिमार पडला त?”

माझ्याकडे उत्तरांची रास होती. बाजेवर येईन म्हणणार होतो. मुका येईन, आंधळा येईन, मेलो तरी लाल कोट घालून येईन आणि गाल फुगवीन म्हणणार होतो. मी तोंड उघडलं.

मायनं ओट्यावरचं रिकामं फडकं झटकलं, घडी घातली आणि काखेत मारली.

“बिमार पडला त घरी राहीन तो,” ती म्हणाली.